नऊ टन चारशे

सोमवार, २ जानेवारी २००६

नऊ टन चारशे! खुर्चीतून न उठता, तोंडात पान. ट्रक अजून पुरता भरलाही नव्हता, वर बायका घमेली ओतत होत्या आणि रखमाजीमामा म्हणाले, "नऊ टन चारशे. बास करा आता."

मी विचारलं, कशावरून? तर मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं.

काल कोरेगावला स्तंभाला जाऊन आलो, रांगेत उभं राहून पोटऱ्या भरून आल्यात. त्यात आज नोकरीचा पहिला दिवस, सगळा उभ्यानं. पोपटरावांची लाकडाची वखार, शिरूर-न्हावरा रस्त्याला. सुबाभूळ, वेडी बाभूळ जे मिळेल ते मशिनीत घालायचं, पलीकडून ढलप्या पडतात, बोटाएवढ्या. त्या ट्रकमध्ये भरून पाटसच्या पुढच्या पेपर मिलला पाठवायच्या. वखारीत वजनकाटा नाही. काटा मिलमध्ये, पन्नास किलोमीटरवर. म्हणजे गाडी किती भरली ते गाडी पोचल्यावर कळणार. आणि वाटेत आरटीओच्या पथकानं धरली तर त्याच्या आधीच.

पोपटराव म्हणाले, "मॅडम, आधी जास्ती भरलं तरी चालायचं. आता कोर्टानं डोळं वटारल्यापासनं पथकवाले येक गाडी सोडंनात. मामांचा अंदाज पक्का हाय, पन मामा सातवी नापास. कागदावर बी.एस्सी.ची सही पायजे."

कागद म्हणजे दाखला. 'प्रमाणित करण्यात येते की सदर वाहनातील माल विहित मर्यादेत आहे.' खाली मी.

आणि पुढे म्हणाले, फेब्रुवारीअखेरपर्यंत दोघांनी रोज आपापला आकडा वहीत लिहायचा. मिलच्या काट्याची पावती येते, तिच्याशी ज्याचा जुळेल तो राहील. "येका आकड्याला दोन मानसं कशाला?"

तीन वर्षं एसटीडी बूथमध्ये बसले. फिजिक्स घेऊन पदवी घेतली आणि लोकांना सुटे पैसे देत होते. आज पहिल्यांदा कुणी माझं डोकं मागितलंय. ही नोकरी मला पाहिजे. मामा गेले तरी. वाईट आहे हे, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

मंगळवार, ३ जानेवारी

आई विचारते, "वजन करायची नोकरी म्हंजी हमालाचीच की गं." सगळ्या आळीत सांगून झालंय, मायाला ऑफिसात नोकरी लागली. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, एक फोन, आणि मामांची खुर्ची. मला स्टूल.

सुताराकडून एक खोकं करून घेतलं. आतून बरोबर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. कांद्याच्या व्यापाऱ्याकडून ताणकाटा उसना आणला. खोक्यात ढलप्या भरायच्या, टांगायच्या, किलो वाचायचे. मग ट्रकच्या हौद्याची मापं — आतून अठरा, सात, सात. ८८२ घनफूट. गुणाकार केला की झालं. इतकं सोपं आहे!

बायका हसत होत्या. भरणाऱ्या बायकांची मुकादम नकुशी. ती म्हणाली, "ताई, खोक्यात बाळ निजवायचं का काय?"

गुरुवार, ५ जानेवारी

पहिला सामना. ड्रायव्हर गोकुळ, गाडी सहा टायर. आरसी बुकात भरलेल्या गाडीचं वजन १६,२००, रिकामीचं ६,७००. म्हणजे माल साडेनऊ टन, त्यापुढे एक किलो गेला तरी गुन्हा.

माल ताजा सुबाभूळ. खोकं साडेअकरा किलो.

मी — १०,१४०.
मामा — ९,४००.
मिलची पावती — ९,४१०.

दहा किलो! नऊ हजारात दहा किलो! मामांनी पावती बघितलीही नाही. पान थुंकून आले.

दाखल्यावर कुठला आकडा? मामांचा. सही माझी.

शुक्रवार, ६ जानेवारी

मी ७,५००. मामा ९,४२०. पावती ९,४२०.

सोमवार, ९ जानेवारी

मी १०,२००. मामा ९,३८०. पावती ९,३९०. जेवले नाही.

बुधवार, ११ जानेवारी

कुठेतरी चुकतंय. गाडी हलली की ढलप्या बसतात, हे मी धरलंच नव्हतं. आज खोकं भरून पन्नास वेळा आपटलं आणि परत भरलं. मग वजन अजूनच वाढलं. मी अजूनच लांब गेले.

हौदा परत मोजला. आत उतरून, टेप घेऊन. बायकांना करमणूक झाली. गोकुळ खाली उभा होता, म्हणाला, "ताई, अठराच फूट हाय. गेल्या साली पन अठराच व्हता." चेष्टा करत होता, पण गोड. शांत माणूस आहे. पथकाला दोनदा सापडलाय, तिसऱ्यांदा सापडला तर लायसन जाणार असं साहेबानं तोंडावर सांगितलंय. घरात चार तोंडं त्याच्या जिवावर. मला विचारतो, "गाडी बरोबर भरलीय नव्हं?" मी दाखला हातात देते. तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. मामांना तिळगूळ दिला. गोड बोलले नाहीत. नऊ टन चारशे तीस बोलले.

गुरुवार, १९ जानेवारी

आज लाज गुंडाळून मामांना विचारलं, शिकवा. लगेच उठले! इतके दिवस कुणी विचारायची वाट बघत होते की काय कोण जाणे. गाडीखाली वाकवलं मला. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दाखवले. गाडी भरत जाते तसे ते सरळ होत जातात, आणि वरच्या रबराच्या ठोकळ्याजवळ येतात. "हितं बोटं घालायची. चार बोटं आत गेली म्हंजी गाडी कायद्यात. तीन गेली म्हंजी जास्त. पाच गेली म्हंजी मालक शिव्या देनार." उसाच्या बैलगाड्या भरण्यापासून हे शिकलेत. चाळीस वर्षं. ऐकत राहावं असं बोलतात. मामांचा राग येणं अवघड होत चाललंय, ही एक नवीनच अडचण.

गाडी सुटली की मामा ऑफिसात जाऊन मिलला फोन करतात, गाडी निघाली म्हणून. जुनी रीत आहे म्हणे. दार लावून करतात.

शुक्रवार, २७ जानेवारी

ढिगावर पोपटराव पाईपनं पाणी मारून घेतात. धूळ उडू नये म्हणून. धूळ फक्त गाडी भरायच्या आदल्या दिवशी उडते असं दिसतं.

ओल्या मालाची गाडी भरल्यावर मी स्वतः पाट्यात बोटं घातली. तीन. तीसुद्धा घासून.

मामा म्हणाले, नऊ चारशे.

"मामा, बोटं तीनच जातात."

"तुजी बोटं जाड हायत, पोरी."

पावती ९,४००. बोटांकडे बघत बसले बराच वेळ. जाड नाहीत.

शनिवार, ४ फेब्रुवारी

एक गोष्ट कबूल करायची आहे. गेला आठवडाभर मी सरळ चोरी करतेय. खोक्याचं वजन काढायचं, गुणाकार करायचा, आणि मग उत्तर नऊ चारशेच्या आसपास येईल अशा एका आकड्यानं परत गुणायचं. त्या आकड्याला नावही दिलंय — 'दाब-गुणक'. सोमवारी तो ०.८२ होता, गुरुवारी १.२५. वहीत असं छान दिसतं! पोपटराव म्हणाले, "आता जमायला लागलं की तुम्हाला."

कॉलेजात प्रयोगवहीत हेच करायचो. उत्तर पुस्तकाच्या मागे असायचं. इथे उत्तर पाटसला असतं, एवढाच फरक.

खरा आकडा मात्र वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिते. का, ते माहीत नाही. हट्ट.

सोमवार, १३ फेब्रुवारी

पोपटरावांनी बोलावलं. सरळ सांगितलं, महिनाअखेर शेवटचा दिवस. "तुमचं गनित भारी हाय मॅडम. पन मामांचं बरोबर हाय." दाखल्यांवर मार्चपर्यंतच्या कोऱ्या सह्या करून जा म्हणाले. कोऱ्या! मी नाही म्हटलं. तेवढा कणा शिल्लक आहे.

मग मामांकडे गेले. म्हटलं, मामा, मी तुमच्याबद्दल मनात वाईट आणत होते, तुमचा अंदाज म्हणजे अंदाज. यावर माणसानं खूश व्हावं की नाही? मामांचं तोंड कडू झालं. "आसू दे, आसू दे," म्हणाले, आणि चहाही न घेता बाहेर गेले. मला वाटलं माझ्यासाठी वाईट वाटलं असेल.

सोमवार, २० फेब्रुवारी

गोकुळ सापडला.

पाटसच्या अलीकडे चौफुल्यावर पथक उभं होतं. गाडीचे पाटे बघूनच बाजूला घेतली म्हणे, आणि तिथल्याच एका खाजगी काट्यावर चढवली. एकूण १८,१५०. रिकामी वजा केली की माल ११,४५०. जवळजवळ दोन टन जास्त.

खिशातला दाखला त्यानं काढून दिला. नऊ टन चारशे. माझी सही. साहेब मोठ्यानं हसला म्हणे आणि लायसन ठेवून घेतलं. सात मार्चला सुनावणी.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. आज सकाळचं, पेन्सिलीनं: खोकं १३ किलो, माल ११,४७०.

वीस किलोचा फरक.

आधी आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण उद्या मी हे नाकारेन. उडी मारावीशी वाटली. मी बरोबर होते, पहिल्या दिवसापासून बरोबर होते! मग शेडच्या दारात गोकुळ दिसला, टोपी हातात. भांडला नाही. म्हणाला, "ताई, तुमच्या सहीवर गाडी काढली व्हती मी." नकुशीनं मधेच तोंड घातलं — ताईच्या वहीत खरा आकडा व्हता की, पेन्सिलीनं. बायका सगळं बघत असतात.

गोकुळनं विचारलं, "मग सही नऊ चारशेवर का केली?"

पोपटरावांनी सांगितलं म्हणून, असं मी म्हणाले बहुतेक. किती लाज वाटली!

मंगळवार, २१ फेब्रुवारी

झोप नाही. माझं खोकं खरं आणि चौफुल्याचा काटा खरा, मग मिलचा काटा दीड महिना काय मोजत होता? दीड महिना रोज मामांशी दहा किलोत जुळणारा काटा!

रजा टाकते. उद्या पाटस.

बुधवार, २२ फेब्रुवारी

न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून पाटस. दोन एसट्या, एक जीप. मिलच्या फाटकाजवळच काटाघर. आत म्हाळू नावाचा माणूस, चाळिशीचा, स्वेटर घालून डबा खात होता. मी शिरूरच्या वखारीतली म्हटल्यावर उठून स्टूल पुसलं.

"तुमीच का त्या खोकंवाल्या?"

तेवढ्यात एक गाडी काट्यावर आली. पाटावर चढली, थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वजनाचं यंत्र म्हाळूच्या शेजारीच होतं. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला, रुमालावर डबा. म्हाळूनं डबा हलवला नाही. भिंतीवरच्या वहीत बघितलं, कॉम्प्युटरवर दोन बोटांनी आकडा टाइप केला, प्रिंटर करकरला, पावती खिडकीतून बाहेर. गाडी उतरली.

मी म्हटलं, "यंत्र?"

"ते व्हय. दोन पावसाळ्यामागं वीज पडली. तवापासनं बंदच हाय." घास गिळून म्हणाला, "दुरुस्तीचा कागद वर पाठीवलाय."

"मग वजन?"

"वजन का? मामांचा फोन येतो ना. गाडी सुटली की. ते आकडा सांगत्यात, म्या टायपतो. पाच-धा किलो इकडं तिकडं करतो आपलं, बरं दिसावं म्हनून."

ते बरं दिसावं म्हणूनचे दहा किलो! त्या दहा किलोंपायी मी जानेवारीत रात्रीचं जेवण सोडलं होतं.

मी विचारलं, कुणाची तक्रार येत नाही? म्हाळूला खरंच नवल वाटलं. "तक्रार कशापायी? कवा गाडी हलकी येती, कवा जड. मिलला वाटतं जास्त आलं, तुमच्या मालकाला वाटतं जास्त लावलं. दोघंबी खूश. काटा चालू व्हता तवा रोज भांडनं व्हायची बगा." मग मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. मी खाल्ला. भूक लागली होती, आणि माणूस वाईट नाही.

परत येताना एसटीत एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

पोपटरावांना सांगितलं सगळं. मला वाटलं उसळतील. पहिला प्रश्न — "आनि कुनाला सांगितलं?"

कुणालाच नाही म्हटलं.

"मग ठीक."

मी म्हटलं, रोज चौफुल्याच्या काट्यावर गाडी घाला की, पाच मिनिटांचं काम. तर म्हणाले, "काट्यावर घातली की कागद येतो, मॅडम. कागद ऱ्हातो. अंदाजाचं तसं नसतं."

पण पथकाची भीती बसलीय त्यांना. गाडी जप्त झाली तर धंदाच बसेल. तासाभरानं परत बोलावलं. म्हणाले, तुमचं खोकं खरं निघालं, आता तुम्हीच राहा. मी माझी अट घातली: माझ्या आकड्यापुढे एक घमेलं पडणार नाही. खोकं तेरा किलोचं असेल तर हौदा पावणेसहा फुटांवर थांबवायचा, नकुशीला काठीवर खूण करून देणार. कबूल झाले. पाणी मारणं बंद करा म्हटलं, तर धूळ उडते म्हणाले.

"आनि गाडी सुटल्याचा फोन आता तुमी करायचा. आकडा सांगायचा म्हाळूला."

म्हणजे मिलची पावती माझ्या आकड्याची निघणार. मी म्हटलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "तुमचा आकडा खरा हाय का न्हाई?"

खरा आहे.

"मग खरा आकडा छापला तर बिघडलं काय?"

मी म्हाळूचा नंबर उतरवून घेतला. नोकरी कायम झाली, घरी सांगितलं, आईनं शेजारी साखर वाटली.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

मामांचा निरोप. शाल, नारळ, पोपटरावांचं भाषण — मामांनी कधी किलोचीही चूक केली नाही वगैरे. मामा मान खाली घालून ऐकत होते.

मग ढिगामागं गाठलं मी त्यांना. भांडायचं ठरवून गेले होते. गोकुळचं लायसन तुमच्यापायी गेलं, असं म्हणायचं होतं. तसं म्हणालेच. मामा खाली बसले लाकडावर.

"पोरी, आदी माझा अंदाज खरा निघायचा. काटा चालू व्हता तवा. कवा शंभर किलो चुकायचो, काटा दाखवायचा, दुसऱ्या दिशी सुदरायचो. मग तो बंद पडला. म्हाळूचा फोन आला, मामा, तुमीच सांगा आकडा, चार दिसाचा प्रश्न हाय. चार दिसांची दोन वर्सं झाली. हळूहळू मला बोटं कळंनाशी झाली. तीन काय, चार काय. मी काय बी म्हनलं तरी पावती तीच यायची."

"मग नऊ चारशेच का?"

"कायद्यात बसायचं नव्हं."

मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाही? म्हणाले, पहिल्या महिन्यात सांगायचं राहिलं. नंतर सगळे म्हणायला लागले, मामांचा अंदाज म्हणजे काटा. "मग कसं सांगनार?" रडले थोडं. मी पाणी आणून दिलं. इतका राग होता, कुठे गेला कळलं नाही. वाईट वाटलं मला फार.

जाताना खुर्चीवरची गादी काढून नेली. गादी त्यांची स्वतःची होती.

मंगळवार, ७ मार्च

गोकुळला लायसन परत मिळालं. पुढच्या वेळी कायमचं रद्द, अशी ताकीद. साहेबानं लिहून घेतलं त्याच्याकडून.

सरळ वखारीत आला. माझ्या टेबलापुढे उभा राहिला, म्हणाला, "ताई, आता येकच मागनं हाय. वहीतला आन् कागदावरचा आकडा येकच असू द्या. मग मी बिनघोर."

मी म्हटलं, एकच असेल. शब्द दिला. म्हाळूच्या रुमालाचं काही सांगितलं नाही. आकडा खरा असल्यावर त्याला कशाला घोर लावायचा?

बुधवार, ८ मार्च

खोकं तेरा किलो. काठीच्या खुणेवर, पावणेसहा फुटांवर भरणं थांबवलं. गुणाकार केला.

९,४२०!

मामांचाच आकडा की हा! फक्त आता खरा. दाखल्यावर ९,४२०, वहीत ९,४२०, फोनवर ९,४२०. संध्याकाळी पावती आली, ९,४२०. कशी आली ते माहीत असूनही छातीत बरं वाटलं. हे लक्षण काही ठीक नाही, माया.

शनिवार, ११ मार्च

आता पाच-दहा किलो इकडे तिकडे करू नकोस, असं मी म्हाळूला बजावलंय. "तुमी म्हनाल तसं, ताई." सगळे मला ताई म्हणायला लागलेत. मॅडम कुणी म्हणत नाही. खुर्ची चांगली आहे, गादी शिवायला टाकली.

मंगळवार, १४ मार्च

पोपटराव पाहुण्यांना सांगत होते — "आमच्या ताईंचा आकडा म्हंजी काटा."

गुरुवार, १६ मार्च

सकाळी घाई होती. खोकं रस्त्याकडच्या ढिगातून भरलं, दहा किलो शंभर ग्रॅम. हौदा पूर्ण भरू दिला. ८,९१०. सही केली, फोन केला, गोकुळ गेला.

दुपारी भाकरी खाताना नकुशी म्हणाली, आज रस्त्याकडं लाकडाची ट्रॉली आडवी उभी होती, म्हणून सगळी गाडी विहिरीकडच्या ढिगातून भरली. विहिरीकडे काल दिवसभर पाणी मारलेलं. तिथलं खोकं भरून आणलं. तेरा किलो. गुणाकार तीनदा केला. ११,४७०.

चौफुल्यापर्यंत धावत जाता आलं असतं तर गेले असते. म्हाळूला फोन लावला. गाडी खाली होऊन परत निघाली होती. वाटेत आज कुणी उभं नव्हतं.

संध्याकाळी गोकुळ आला. पावती माझ्यापुढे ठेवली — ८,९१०. सोबत पेढ्यांचा पुडा. "ताई, येका किलोचा फरक न्हाई. आता डोळं झाकून गाडी काढतो बगा."

मी पेढा घेतला.